तांब्याचे तिसरे ऑक्साइड

तांब्याची पट्टी ज्योतीवर धरली, की आधी तिच्यावर रंगीत झाक येते आणि मग ती काळी पडते. थंड होताना वरचा काळा पापुद्रा सुटून येतो. त्याची आतली बाजू लाल असते. काळे ते क्युप्रिक ऑक्साइड, सूत्र सीयूओ. लाल ते क्युप्रस ऑक्साइड, सूत्र सीयू२ओ. हवा भरपूर लागते तिथे काळे होते, कमी पोचते तिथे लाल. भांड्यावर चढणारा हिरवा कळंक मात्र ऑक्साइड नव्हे.

दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत. सौम्य गंधकाम्लात काळे पूर्ण विरघळून मोरचुदाचे निळे द्रावण देते. लाल ऑक्साइडाची गंमत वेगळी : त्यातल्या निम्म्या तांब्याचा मोरचूद होतो आणि उरलेले निम्मे शुद्ध धातू होऊन तळाशी बसते. लघवीतील साखरेच्या बेनेडिक्ट चाचणीत दिसणारा विटकरी साका म्हणजे हे लाल ऑक्साइडच. सिलिकॉन येण्यापूर्वी विद्युतप्रवाह एकदिश करणाऱ्या चकत्याही याच लाल थराच्या बनत.

निसर्गात लाल ऑक्साइड क्युप्राइट म्हणून आढळते. काळ्याला टेनोराइट म्हणतात. व्हेसुव्हियसवर सापडलेल्या या खनिजाला नेपल्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेले टेनोरे यांचे नाव मिळाले. त्याचे जुने नाव मेलाकोनाइट, आणि तिसऱ्या ऑक्साइडाची हकिगत या जुन्या नावापासूनच सुरू होते.

ॲरिझोनातील बिसबी येथे कॉपर क्वीन नावाची खाण होती. तिथले काळे, किंचित जांभळट झाकेचे स्फटिक फिलाडेल्फियाचे खनिज-व्यापारी आल्बर्ट फूट यांच्यामार्फत जर्मनीत जन्मलेले रसायनज्ञ जॉर्ज ऑगस्टस कोनिग यांच्या हाती आले. १८९१ मध्ये कोनिग यांनी त्यांचे वर्णन केले. घटक मेलाकोनाइटसारखे, स्फटिकांची घडण मात्र निराळी, म्हणून त्यांनी नाव दिले पॅरामेलाकोनाइट, म्हणजे मेलाकोनाइटच्या जवळचे. त्याच वर्षी त्यांनी कॅन्यन डायब्लोच्या उल्कापाषाणात हिरे शोधले. हिऱ्यांचा गाजावाजा झाला, काळे स्फटिक बाजूला पडले. शास्त्राच्या दृष्टीने तेही तितक्याच मोलाचे होते.

१९४१ मध्ये क्लिफर्ड फ्राँडेल यांनी हे खनिज पुन्हा तपासले. सूत्र पक्के व्हायला १९७८ साल उजाडले : ओकीफ आणि बोव्हिन यांनी त्याची रचना उलगडून सीयू४ओ३ हे सूत्र सिद्ध केले. तांब्याच्या चार अणूंपैकी दोन क्युप्रस अवस्थेत, दोन क्युप्रिक. क्युप्रिक ऑक्साइडाचे दोन रेणू आणि क्युप्रसचा एक यांची बेरीज केली तर नेमके हेच सूत्र येते. म्हणूनच ते चकवते : नुसत्या पृथक्करणात दोन ऑक्साइडांचे मिश्रणही असेच दिसेल. मिश्रण आणि संयुग यांतला फरक अणूंची मांडणी पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि कोनिग यांच्या काळी ती पाहण्याचे साधनच नव्हते. ती दाखवणाऱ्या क्ष-किरणांचा शोधदेखील १८९५ चा. घटक मेलाकोनाइटचेच मानण्याची कोनिग यांची चूक प्रामाणिक होती, आणि स्फटिक वेगळे आहेत हे ओळखणारी त्यांची नजर पक्की होती.

प्रयोगशाळेत हे ऑक्साइड सहज बनत नाही. तापवले की त्याची पुन्हा दोन नेहमीची ऑक्साइडे होतात, त्यामुळे भट्टी इथे निरुपयोगी ठरते. १९९६ मध्ये सॉक्सलेट उपकरणात तीव्र अमोनिया तांब्यावरून सतत फिरवून ते बनवले गेले, तेही काळ्या आणि लाल ऑक्साइडात मिसळलेले.

पाठ्यपुस्तकांत तांब्याची ऑक्साइडे सहसा दोनच सांगतात. तिथे तिसऱ्यासाठी एक ओळ तरी हवी.