तळघरातलं अटलांटा

मागच्या लेखाच्या शेवटी प्रिन्स जॉर्जेस काउंटीतल्या किराणा दुकानाचा किस्सा कबूल केला होता. तो आज मिळणार नाही. मध्येच ठाण्याच्या एका वाचकाचं पत्र आलं. वॉशिंग्टनलगतच्या त्या काउंटीतले कृष्णवर्णीय डॉक्टर, वकील, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल वाचून त्यांनी विचारलंय, "कायद्यानं दारं उघडली, खिशात पैसा आला; मग ही मंडळी पुन्हा आपल्याच लोकांत राहायला का जातात?"

प्रश्न रास्त आहे. खटकतो तो त्यातला 'पुन्हा'. त्या एका शब्दापायी वॉशिंग्टन सोडून दक्षिणेला, अटलांटाच्या पश्चिम अंगाला जावं लागतं. तिथंही दिवाणखान्यात थांबून भागत नाही. खाली तळघरात उतरावं लागतं.

कोलिअर हाइट्स ही ती वस्ती. रस्त्यावरून पाहिलं तर विटांची लांबट बैठी घरं, पुढं हिरवळ, बाजूला गाडीची पडवी. 1950 आणि 60च्या दशकांत अमेरिकेत कुठंही दिसावं तसं उपनगर. पण जमीन चढउताराची. त्यामुळं पुढून बैठं दिसणारं घर मागून पाहिलं की दुमजली निघतं. खालचा मजला थेट परसात उघडतो. आपल्याकडं तळघर म्हटलं की अंधार, पोती आणि उंदीर आठवतात. इथली तळघरं मात्र घरातला सगळ्यात नटवलेला भाग. भिंतींना लाकडी पॅनेल, एका कोपऱ्यात बारचा कट्टा आणि त्यापुढं उंच स्टुलं, मधोमध नाचायला मोकळी फरशी. काही घरांत खाली चक्क दुसरं स्वयंपाकघर.

चौकोनी कुटुंबाला दोन स्वयंपाकघरं कशाला?

उत्तर तळघराबाहेर, शहराच्या मध्यभागी आहे. 19 ऑक्टोबर 1960 रोजी अटलांटातल्या 'रिचेस' या बड्या दुकानाच्या उपाहारगृहात जेवायला मागितलं म्हणून मार्टिन ल्युथर किंग यांना अटक झाली. त्याच दुकानात कृष्णवर्णीय बाई शेकडो डॉलरचे कपडे घेऊ शकत होती. तिथं बसून सँडविच खाऊ शकत नव्हती. 1962च्या उन्हाळ्यात राल्फ बंच एका अधिवेशनासाठी अटलांटात आले. संयुक्त राष्ट्रांचे बडे अधिकारी, 1950चे शांततेच्या नोबेलचे मानकरी; तरी शहरातल्या हॉटेलनं त्यांना खोली नाकारली.

बंच यांची ही गत, तर इथल्या दंतवैद्यानं लग्नाचा पंचविसावा वाढदिवस कुठं करायचा? मुलगी पदवीधर झाली, तिची पार्टी कुठं? बायकांच्या ब्रिज क्लबनं कुठं जमायचं? कार्यालय, हॉटेल, क्लब, सगळ्याची सोय घराखालीच करून ठेवायची. पन्नास पानं उठवायची तर वरचं स्वयंपाकघर पुरत नाही, म्हणून खाली दुसरं. घराचा नकाशा असा वाचता येतो. शहरानं जे जे नाकारलं, ते ते तळघरात सापडतं.

बांधकाम कंत्राटदार हर्मन रसेल यांच्या इथल्या घरात तर पोहण्याचा तलावही होता, तोही छपराखाली. नागरी हक्क चळवळीतल्या मंडळींचं तिथं येणंजाणं असे. याच रसेलना अटलांटाच्या चेंबर ऑफ कॉमर्सनं सदस्यत्वाचं निमंत्रण धाडलं होतं, ते गोरे असतील या समजुतीनं! त्यांनी ते मुकाट्यानं स्वीकारलं. किंग यांचे उजवे हात राल्फ अॅबरनथी हेही कोलिअर हाइट्सचेच रहिवासी. 1957 साली माँटगमरीत त्यांच्या घरावर बॉम्ब पडला होता. शेजारी कोण आहेत याची चौकशी असा माणूस कोणत्या हिशेबानं करत असेल, हे वेगळं सांगायला नको.

आता त्या 'पुन्हा'कडं. कोलिअर हाइट्स ही गोऱ्यांनी टाकलेली, हातोहात खाली उतरलेली वस्ती नव्हती. मूळच्या छोट्या गोऱ्या वसाहतीच्या पलीकडची मोकळी जमीन कृष्णवर्णीय गुंतवणूकदारांच्या एका कंपनीनं 1950च्या सुमारास घ्यायला सुरुवात केली. मधली गोरी घरं ओलांडून थेट पुढं उडी. आपण मध्ये अडकलो हे ध्यानात आल्यावर 1954 साली त्या गोऱ्या घरमालकांनी एकत्रच विकून निघून जायचं ठरवलं. जमीन घेणारे कृष्णवर्णीय, प्लॉट पाडणारे कृष्णवर्णीय, बांधणारे कृष्णवर्णीय. कर्जाचा प्रश्न बिकट होता, कारण सरकारी गृहकर्ज हमीच्या नियमांत कृष्णवर्णीय वस्ती म्हणजेच जोखीम असं धरलेलं. पण अटलांटाकडं 1905 पासूनची अटलांटा लाइफ ही विमा कंपनी होती, 1921 पासूनची सिटिझन्स ट्रस्ट बँक होती. दोन्ही कृष्णवर्णीयांच्याच. पैसा घरचाच फिरला. 2009 साली ही वस्ती ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली.

जिथं आधी कुणी आपलं नव्हतंच, तिथं 'पुन्हा' जाणार कसं?

याच भागातली दुसरी गोष्ट उलट बाजूनं सुरू होते. क्लिंटन वॉर्नर या कृष्णवर्णीय शल्यविशारदानं पेटन फॉरेस्ट या गोऱ्या वस्तीत घर घेतलं. डिसेंबर 1962 मध्ये महापौर आयव्हन अॅलन यांनी पेटन रोड आणि हार्लन रोडवर चक्क लाकडी अडसर ठोकून रस्ते बंद केले. बर्लिनची भिंत जेमतेम सव्वा वर्षाची होती. अटलांटालाही आपली भिंत मिळाली. 1 मार्च 1963 रोजी न्यायालयानं अडसर बेकायदा ठरवले आणि ते लगेच निघाले. गंमत पुढं आहे. जुलै संपेपर्यंत पेटन फॉरेस्टमध्ये पंधराच गोरी कुटुंबं उरली. बाकीची घरं विकून मोकळी झाली. डॉक्टरसाहेबांनी गोऱ्या वस्तीत घर घेतलं होतं. वर्षभरात ती कृष्णवर्णीय झाली, आणि त्यांनी त्यासाठी बोटही हलवलं नव्हतं. कोण कुणाला सोडून गेलं, हे पत्रलेखकानं जरूर तपासावं.

(याच शहरात काही रस्त्यांची नावं पॉन्स द लिऑन अॅव्हेन्यू ओलांडताच बदलतात. उत्तरेचा ब्रायरक्लिफ रोड दक्षिणेला मोरलँड अॅव्हेन्यू होतो. कृष्णवर्णीयांच्या आणि आपल्या पत्त्यात एकच रस्ता नको, ही गोऱ्यांची हौस. त्यावर एक आख्खा लेख होईल, पण संपादक आधीच घड्याळ दाखवताहेत.)

हे सगळं साठ वर्षांपूर्वीचं, असं कुणी म्हणेल. पण समाजशास्त्रज्ञ कॅरिन लेसी यांचं 2007चं 'ब्लू-चिप ब्लॅक' हे पुस्तक वॉशिंग्टनच्या उपनगरांतल्या सुखवस्तू कृष्णवर्णीय कुटुंबांवर आहे. घर पाहायला जाताना ही माणसं कपड्यांपासून बोलण्याच्या ढंगापर्यंत सगळं जपतात, कारण समोरच्या एजंटला आधी पटवायचं असतं की आपली ऐपत आहे. दुकानात तेच, कचेरीत तेच. दिवसभर ऐपत सिद्ध करून घरी परतल्यावर निदान गल्लीत तरी ती विचारली जाऊ नये, ही अपेक्षा काही फार मोठी नाही. तळघराचं काम आता अख्खी वस्ती करते.

मात्र यात नुसता गोडवा शोधू नये. कोलिअर हाइट्सचे ऐसपैस प्लॉट गरीब कृष्णवर्णीयांना परवडणारे नव्हतेच, आणि श्रीमंतांची ती अडचण नव्हती. लेसी यांच्या पुस्तकातली माणसंही आपल्याच वंशातल्या गरिबांपासून रेघ आखून असतात. शिवाय या निवडीला रोकडा भुर्दंड आहे. ब्रुकिंग्ज संस्थेच्या आंद्रे पेरी आणि सहकाऱ्यांनी 2018 साली हिशेब मांडला. तशाच दर्जाचं घर, तशाच सोयींची वस्ती, पण वस्ती बहुसंख्य कृष्णवर्णीय असेल तर घराची किंमत सरासरी 23 टक्के कमी, म्हणजे घरामागं सुमारे 48,000 डॉलर. मुलांच्या कॉलेजची फी किंवा दुसऱ्या घराचा पहिला हप्ता याच रकमेतून निघाला असता.

तरी ओघ थांबलेला नाही. अटलांटाच्या नैर्ऋत्येला तो सरकत सरकत कॅस्केड या भागावरून पुढं गेला आणि 2017 साली तिथं साउथ फुल्टन नावाचं नवं शहरच स्थापन झालं. वस्ती लाखावर, त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय. तिथं पार्टी करायला आता हॉटेलं आहेत, हॉल आहेत.

त्या किराणा दुकानाचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी: पुढचा आठवडा नक्की. घरटी उत्पन्न भरपूर असलेल्या काउंटीला नामवंत दुकानांनी वर्षानुवर्षं का टाळलं, आणि 2010 साली तिथं वेगमन्स हे किराणा दुकान उघडलं तेव्हा ती नुसती भाजीपाल्याची बातमी का नव्हती, ते त्या लेखात येईल. मध्ये आणखी कुणाचं पत्र आलं नाही तर.