संगणकाचा कूलर आणि वऱ्हाडचा उन्हाळा

आमच्या वऱ्हाडात कूलर हा शब्द उच्चारला, की ऐकणाराच्या डोळ्यांपुढे पत्र्याची मोठी पेटी, तिच्या अंगास लावलेल्या ओल्या ताट्या आणि तळाशी पाण्याचा पंप, असे चित्र उभे राहते. आज मी ज्या कूलरविषयी बोलणार आहे तो मुठीएवढा, फार तर विटेएवढा असून त्याचे स्थान संगणकाच्या पेटीत, प्रोसेसर नावाच्या चिपेच्या माथ्यावर असते. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. यंत्रशास्त्राचे शिक्षण मला नाही. परंतु वडनेर भोलजीसारख्या गावी ज्याच्या घरात संगणक आला, त्यास थोडीबहुत दुरुस्ती परिस्थितीच शिकविते.

माझा एक जुना विद्यार्थी गावात लग्नपत्रिका व फोटो तयार करून देण्याचा धंदा करतो. गेल्या मे महिन्यात तो घरी आला आणि म्हणाला, "गुरुजी, दुपारी मशीन अगदी रेंगाळते. पेरणीसाठी ठेवलेल्या पैशांतून तीन हजारांचा कूलर घेऊ का?" प्रश्न लहान होता; परंतु बियाण्याचा पैसा मोडावयाचा म्हटल्यावर उत्तर जपून देणे भाग होते.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाऱ्यावर चालणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीतील हवेहून अधिक थंड करू शकत नाही. तो फक्त चिपेची उष्णता त्या हवेत सोडून देतो. समजा, एखाद्या कूलरखाली काम चालू असता चिप खोलीपेक्षा ५० अंशांनी अधिक तापते. पौषात खोली २० अंशांवर असता ती ७० वर राहील. तीच वैशाखात खोली ४४ वर गेली, की ९४ वर पोचेल. हल्लीचे बहुतेक प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या दरम्यान स्वतःच आपली गती कमी करून जीव वाचवितात. रेंगाळणे म्हणतात ते हेच. थंड खोलीत घेतलेल्या चाचण्यांचे आकडे वाचून आमच्याकडील माणसाने भुलू नये, ते याचसाठी.

तेव्हा मी त्यास म्हटले, आधी पेटी उघड. वीज काढून पाहिले, तो पंख्याखालच्या पात्यांत कापसाचे तंतू व धूळ यांचा चक्क नमदा बसलेला! मऊ कुंचल्याने तो काढला. पंखा मात्र बोटाने धरून ठेवावा, भरभर फिरू देऊ नये. नंतर कूलर उचलून चिपेवरील वाळलेला लेप पुसला व नवा दिला. लेपाचे काम एवढेच, की दोन धातूंमधील सूक्ष्म खळगे भरून तेथील हवा हाकलावी, कारण हवेतून उष्णता फारच मंद वाहते. वाटाण्याएवढा थेंब पुरतो; पोळीस तूप लावावे तसा थापू नये.

तिसरा उपाय फुकटचा होता. त्याचा प्रोसेसर इंटेलचा आय-५ १२४०० हा. कागदावर त्याची मूळ शक्ती ६५ वॅट. परंतु जोर लावला असता तो ११७ वॅटपर्यंत घेऊ शकतो. पुष्कळ मदरबोर्डांच्या बायोसमध्ये ही मर्यादा खाली आणता येते. ती ६५ वर आणली. काम किंचित हळू होते, परंतु एकसारखे होते. शिवाय पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. ताट्यांच्या कूलरने खोली थंड केल्यास उत्तमच, मात्र त्याचे तुषार पेटीवर येता कामा नयेत.

एवढे करूनही भागत नसेल, किंवा प्रोसेसरच्या नावापुढे 'के' अक्षर असल्यामुळे त्यासोबत कूलरच आला नसेल, तर खरेदी करावी. दोन हजारांच्या आसपास मनोऱ्याच्या आकाराचा, तांब्याच्या चार नळ्यांचा व १२० मिलिमीटर पंख्याचा कूलर मिळतो. या नळ्या पोकळ असून त्यांतील हवा काढून थोडेसे पाणी ठेवलेले असते. चिपेच्या बाजूस त्याची वाफ होते, पात्यांच्या बाजूस ती निवून पुन्हा पाणी होते आणि वातीतून तेल चढावे तसे ते आतील सच्छिद्र अस्तरातून परत येते. युक्ती मोठी सुंदर आहे! रंगीबेरंगी दिव्यांचे पैसे मात्र देऊ नयेत. पंप लावलेले पाण्याचे कूलरही आपल्या कामाचे नव्हेत. त्यांची उष्णता शेवटी त्याच खोलीत जावयाची, आणि पंप बिघडला की सारेच थांबले.

किमतीहून महत्त्वाचे म्हणजे माप. मी स्वतः एकदा फसलो आहे. दुकानदार म्हणाला "सगळ्याला बसतो," आणि मी विश्वास ठेवला. घरी येऊन पाहतो तर माझ्या एलजीए १७०० जातीच्या बोर्डाची भोके ७८ मिलिमीटरवर आणि कूलरचे पाय जुन्या जातीप्रमाणे ७५ वर! तीन मिलिमीटरांनी पैसे बुडाले, कारण फोडलेला खोका परत घेण्यास त्याने नकार दिला. म्हणून बोर्डाची जात कागदावर लिहून न्यावी आणि ती खोक्यावर छापलेली आहे की नाही, हे स्वतः वाचावे. मनोऱ्याची उंचीही पाहावी. हे कूलर साधारण १५० ते १६० मिलिमीटर उंच असतात. पेटीचे झाकणच लागले नाही, अशी फजिती पुष्कळांची होते. आणि बसविण्यापूर्वी तळाचे पारदर्शक प्लास्टिक सोलून काढावे. ते तसेच राहिल्यामुळे नव्या कूलरला नावे ठेवणारे मी पाहिले आहेत.

माझ्या विद्यार्थ्याचे यंत्र त्या उन्हाळ्यात ८५ अंशांच्या वर गेले नाही. मृगात त्याने बियाणे घेतले, आणि चार नळ्यांचा कूलर दिवाळीनंतर, कपाशीचे पैसे हाती आल्यावर घेतला. बोर्डाची जात त्याने तळहातावर लिहून नेली होती.