उडीआधी पडायला शिका!
भंडाऱ्याच्या बाजारात दोरावर चालणारी डोंबाऱ्याची पोर पाहून एकदा आमच्या काळजाचा ठोका चुकला. खाली ना गादी, ना वाळू!

आखाड्याची शिस्त निराळी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिनला देशी खेळ दाखविले. मल्लखांबाला एरंडेल चोळतात, ते अंग सोलवटू नये म्हणून. साधी अढी पक्की झाल्यावाचून वस्ताद पुढची पकड शिकवीत नाही.

आपल्या मुलाला तालमीत घालताना एवढेच विचारा: आधी अंग तापवतात का? खाली गादी आहे का? झेलायला वस्ताद उभा असतो का? दुखऱ्या मनगटाला विश्रांती देतात ना?

टाळ्या क्षणाच्या, मणका जन्माचा!