उवांना आसरा लाजेचा
मुलीच्या डोक्यात ऊ सापडली की घरात पहिला प्रश्न असतो, 'कुणाकडून आणल्यास?' उवा म्हणजे अस्वच्छता, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट बसली आहे की शेजारणीपासून, वर्गशिक्षिकेपासून, कधी घरातल्या आजीपासूनसुद्धा ही गोष्ट दडवली जाते. घराघरांत उवा पुन्हा पुन्हा होत राहतात, त्याला ही लपवाछपवी मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऊ तिळाएवढी, दोन-तीन मिलिमीटरची. तिला पंख नसतात, उडीही मारता येत नाही. केस धरून चालणे तेवढे तिला जमते. त्यामुळे ती पसरते डोक्याला डोके लागल्यावर: एका अंथरुणात झोपताना, एका मोबाइलवर दोघी वाकल्या की. टाळूचे रक्त हेच तिचे अन्न, आणि ते रोज न्हाणाऱ्या मुलीच्या डोक्यातही तेवढेच मिळते. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. म्हणून गाद्या बडवण्यात आणि घरभर कीटकनाशक फवारण्यात शक्ती घालवू नये. उशांचे अभ्रे, टॉवेल, कंगवे गरम पाण्यात धुतले की पुरे.

खाजेची वाट पाहणे ही मोठी चूक. खाज सुटते ती उवेच्या लाळेच्या ॲलर्जीने, आणि पहिल्यांदाच उवा झाल्या असतील तर त्याला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर धाकटा भाऊ आणि आई यांच्याही डोक्यात त्या पोचलेल्या असतात. केस ओले करून तेल किंवा कंडिशनर लावावे, बारीक दातांची फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढावी आणि दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसावी. कानामागे आणि मानेच्या वर जास्त लक्ष द्यावे. कोंडा झटकला की पडतो. लीख केसाला चिकटलेली असते, बोटाने ढकलली तरी सहज सरकत नाही. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात, त्यामुळे टाळूपासून त्याहून लांब दिसणारी लीख बहुधा रिकामे कवच असते. औषध लावावे ते जिवंत ऊ दिसली तर. फणीचे हे तंत्र जुने आहे. इस्रायलमधल्या लाखीश येथे सापडलेल्या, सुमारे 3,700 वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती फणीला एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक दात आहेत, आणि तिच्यावर कोरलेला मजकूरही उवांबद्दलचाच आहे.

'औषध लावले तरी परत होतात' ही तक्रार खरी आहे. एक टक्का परमेथ्रिनसारख्या औषधांना उवा अनेक देशांत दाद देईनाशा झाल्या आहेत. पण त्याहून साधे कारण म्हणजे बरीच औषधे लिखांना पुरती मारत नाहीत; लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून बहुतेक औषधे त्या सुमारास पुन्हा लावावी लागतात. शिवाय एकीलाच औषध लावून बाकीची डोकी तपासलीच नाहीत, तर उवा घरातच राहतात. तपासणी सगळ्यांची एकाच संध्याकाळी व्हायला हवी, आणि त्यासाठी आधी सगळ्यांना सांगावे लागते. रॉकेल मात्र कदापि लावू नये: ते त्वचा भाजते आणि पेटू शकते. सीताफळाच्या बियांची पूड घरगुती म्हणून निर्धास्तपणे लावली जाते, पण ती डोळ्यांत गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होते.

उवा झालेल्या मुलांना शाळेने घरी बसवावे, असे काही पालकांना वाटते. काळजी समजण्यासारखी आहे, पण ऊ नजरेस पडते तेव्हा ती बहुधा कित्येक दिवस त्याच वर्गात वावरलेली असते. रोगाच्या भीतीचे म्हणाल, तर संशोधक शार्ल निकोल यांनी 1909 मध्ये ट्युनिसमध्ये टायफस या तापाचा प्रसार उवांमुळे होतो हे दाखवले, ती ऊ कपड्यांत राहणारी. डोक्यातली ऊ रोग पसरवत असल्याचा पुरावा नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही उवांसाठी मुलांची शाळा बुडवू नये, असेच सांगितले आहे. मुलीचे केस भादरले तर उवा जातील, पण ती शिक्षा तिने का भोगावी? त्यापेक्षा वर्गाच्या पालक-गटावर सरळ लिहावे: 'आमच्या मुलीच्या डोक्यात उवा सापडल्या, आज औषध लावले आहे, तुम्हीही मुलांची डोकी बघा.' दुसऱ्यांदा औषध लावण्याची तारीखही त्यातच कळवावी, म्हणजे बाकीच्या घरांनाही तेव्हाच पुन्हा फणी फिरवता येईल.