चला, सहा दिवस गाव सोडून येऊ



कापसाची दुसरी वेचणी उरकली आहे, ज्वारी-हरभरा वर आला आहे. ज्यांनी आंबे बहार धरायचा ठरवले, त्यांची मोसंबी ताणावर सोडलेली आहे, म्हणजे बागेला पाणी द्यायची पाळी नाही. आपल्या जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला वर्षातून घराबाहेर पडायला सवड मिळते ती डिसेंबरातल्या या दिवसांत. या सवडीचा उपयोग कसा करावा, ते आज सांगणार आहे.

जगात प्रवासाची हौस असलेले लोक दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशात जातात. तेथे स्पेनच्या लोकांनी वसवलेले किटो शहर पाहतात, मग ॲमेझॉनच्या सदाहरित जंगलात उतरतात आणि शेवटी किनाऱ्यापासून हजारेक किलोमीटरवरच्या गालापागोस बेटांवर प्राणी-पक्षी पाहतात. त्याच बेटांवर १८३५ साली डार्विन गेला होता. ते भाडे आपल्याला परवडणारे नाही. पण परक्यांनी वसवलेले शहर, दाट जंगल आणि जीवजंतूंनी भरलेली बेटे हे तिन्ही आपल्याला बसने जाऊन पाहता येते. बीड, सोलापूर, कोल्हापूरकडून आंबोली, तेथून गोवा आणि येताना वेंगुर्ला-मालवण. जायला सहाशे किलोमीटरच्या वर, आणि सगळे मिळून सहा दिवस.

मी या वाटेने शेतकऱ्यांचा अभ्यास दौरा घेऊन गेलो आहे. चाळीस माणसे होती, त्यांत सतरा बायका. अंबड तालुक्यातले एक काका यायला तयारच नव्हते. २०१२ साली पावसाने पाठ फिरवली, तेव्हा त्यांनी टँकरने बाग जगवायचा प्रयत्न केला होता. उन्हाळ्यात टँकरही मिळेना, आणि तीनशे झाडांवर त्यांना स्वतःच्या हाताने कुऱ्हाड चालवावी लागली. ते मला म्हणाले, "साहेब, घरची पाण्याची खेप चुकंना, आन तुम्ही आमाला पाणी बघाया नेता व्हय?" काकूंनी मात्र समुद्र पाहिला नव्हता. त्यांनी पिशवी भरली, तेव्हा काकाही गाडीत बसले. काकांचा तो प्रश्न लक्षात ठेवा. सहा दिवस मी त्याचेच उत्तर शोधत होतो.

आंबोलीचे रान

पहिली रात्र गाडीत जाते. सकाळी आजऱ्याच्या पुढे झाडी दाट होऊ लागते आणि गारवा जाणवतो. शाल हाताशी ठेवा. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. आपल्याकडे वर्षाला साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. येथे सात हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या दहापट. डिसेंबरात पाऊस नसतो, तरी झाडांच्या खोडावर शेवाळ हिरवे असते आणि पायाखालचा पालापाचोळा ओला लागतो.

तो पालापाचोळा हातात घेऊन पाहा. पावसाचा थेंब पहिल्यांदा उंच झाडाच्या पानावर, मग झुडपावर, मग या पाचोळ्यावर पडतो. जमिनीवर आपटत नाही, म्हणून माती सुटत नाही. पाणी मुरते आणि महिनोनमहिने झिरपत राहते. हिरण्यकेशी नदी येथे एका गुहेतून उगम पावते, पूर्वेला जाऊन घटप्रभेला मिळते आणि पुढे तिचे पाणी कृष्णेत जाते. उगमाजवळच्या मंदिराच्या कुंडात बोटभर लांबीचा एक मासा शास्त्रज्ञांना नवा सापडला. त्याला नदीचेच नाव दिले आणि २०२१ साली शासनाने त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. देवाच्या कुंडातला मासा कोणी धरायचा नाही, हा गावकऱ्यांचा नेम शासनाच्या आदेशाच्या आधीपासूनचा आहे. केवळ आंबोलीतच आढळणारा एक छोटा भेकही आहे. तो पावसाळ्यात बाहेर पडतो, तेव्हा आता दिसला नाही म्हणून खट्टू होऊ नका.

पोर्तुगीजांचे शहर आणि आपले ताट

घाट उतरून सावंतवाडीवरून गोव्यात शिरलो की जुन्या गोव्याला जायचे. १५१० साली पोर्तुगीज सरदार अल्बुकर्कने हा मुलूख घेतला आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी तो मुक्त झाला. साडेचारशे वर्षांची ही सत्ता. जांभ्या दगडाची बॉम जेझूसची चर्च आणि समोरची सफेद से कॅथेड्रल पाहताना मान मागे टाकावी लागते. आत जाताना चपला काढायची रीत नाही, पण डोक्यावरची टोपी काढावी आणि बोलणे हळू ठेवावे. एके काळी हे मोठे शहर होते. साथीच्या रोगांनी ते ओस पडले आणि १८४३ साली राजधानीचा मान पणजीला मिळाला. आज चर्च उभ्या आहेत, वस्ती गेली. पाणी खराब झाले की राजधानीसुद्धा उठते, हे लक्षात घ्या. पणजीत फोंताईन्यास नावाच्या भागात त्या काळची कौलारू, रंगीत घरे अजून नांदती आहेत.

या राजवटीत धर्माच्या नावाने लोकांचा छळ झाला, देवळे पाडली गेली. ते विसरायचे नाही. पण आपल्या ताटातले काय काय त्या जहाजांतून आले, तेही पाहा. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग, पेरू, पपई, सीताफळ, काजू ही सारी मूळची अमेरिका खंडातली पिके. त्यांतली कितीतरी पोर्तुगीजांच्या मार्गाने आपल्याकडे पोहोचली. बटाटा, काजू, पाव, चावी, पगार, घमेले हे शब्दसुद्धा त्यांच्या भाषेतले.

आणि आपली मोसंबी? तिचे नाव आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून पडले असे मानतात. मोझांबिक हाही पोर्तुगीजांचाच मुलूख, आणि १७५२ पर्यंत त्याचा कारभार गोव्यातून चाले. त्याच मोसंबीला २०१६ साली 'जालना मोसंबी' म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले. हे सांगितले तेव्हा काका बराच वेळ चर्चच्या पायरीवर बसून राहिले. मग म्हणाले, "एवढ्या लांबून आली, आन आमच्या हातात मेली."

चोडण बेट आणि खाजनाचे बांध

चौथ्या दिवशी रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडून चोडण बेटावर जायचे. येथे डॉ. सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. क्षेत्र पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या गावाच्या शिवाराहूनही लहान. सगळी कांदळवने. झाडांची मुळे चिखलातून वर श्वास घ्यायला आलेली. भरती-ओहोटीची वेळ विचारून वनखात्याच्या परवानगीने होडीतून फिरा. बगळे, खंड्या, हिवाळ्यात येणारे पाहुणे पक्षी, चिखलावर उड्या मारणारे मासे दिसतील. नशीब असेल तर पाणमांजर आणि मगरही. होडीबाहेर हात घालू नका आणि पोरांना आवरा.

पण मी तुम्हाला येथे आणले ते बांध दाखवायला. गोव्यात खाऱ्या नद्यांच्या काठी 'खाजन' नावाची सुमारे १८ हजार हेक्टर जमीन आहे. भरतीचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून जुन्या लोकांनी माती आणि दगडाचे बांध घातले. बांधात लाकडी दारे बसवली. त्याला 'मानस' म्हणतात. भरती आली की पाण्याच्या रेट्याने दार आपोआप मिटते, आणि ओहोटी लागली की आतले पाणी ते ढकलून बाहेर जाते. ना इंजिन, ना वीज. आत 'कोरगुट' नावाचे खारे सोसणारे भात पिकते आणि पाण्यात मासळी मिळते.

हे बांध एकट्याने राखता येत नाहीत. एका जागी खिंडार पडले तर साऱ्या गावाच्या जमिनीत मीठ शिरते. म्हणून गावकरी पद्धतीने सगळे मिळून बांधाची डागडुजी करत. १९६४ साली कूळकायदा आला, कसणाऱ्याला हक्क मिळाला. ते न्याय्यच झाले. पण बांधाची जबाबदारी नेमकी कोणाची, हे पुष्कळ ठिकाणी सैल पडले. कोठे दुरुस्ती राहिली, तर कोठे मासळीच्या लोभाने खारे पाणी मुद्दाम आत घेतले गेले. पुष्कळ भातखाचरे आता कांदळवनाखाली गेली आहेत.

आता आपल्याकडे वळून पाहा. आपले बोअर म्हणजे तसेच खिंडार नव्हे काय? एकाने पाचशे फूट खाली पाडले की शेजारच्या चार विहिरींचा तळ दिसतो. मग तो शेजारी सहाशे फुटांवर जातो. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. पण बांध कागदाने राखला जात नाही.

दर्यातल्या गोड विहिरी

परतीच्या वाटेवर वेंगुर्ला. येथे सतराव्या शतकात डचांची वखार होती. तिचे पडके अवशेष आहेत. येथल्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' अशा जाती दिल्या. कलम बांधायची रीत पाहून घ्या, पण कलमे आणून आपल्या काळ्या चोपण जमिनीत लावू नका, पैसे वाया जातील. दूर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स नावाची खडकाळ बेटे आहेत. तेथल्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेची घरटी करतात. परदेशात त्या घरट्यांचे सूप पितात, म्हणून चोर ती खरवडून नेत. आता कायद्याचे संरक्षण आहे. आपण ती बेटे लांबूनच पाहायची.

शेवटचा मुक्काम मालवण. होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायचे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर याची पायाभरणी केली. चोहोबाजूंनी खारे पाणी, आणि आत तीन गोड्या विहिरी : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. बेटावर पडलेला पाऊस खडकात मुरतो. गोडे पाणी हलके, ते खाऱ्याच्या वर तरंगते. बेताने उपसले तर टिकते, आणि हावरटपणे उपसले तर खालचे खारे वर येते.

काकूंनी ओंजळभर पाणी चाखले आणि म्हणाल्या, "गोड हाय." मग विहिरीत डोकावून त्यांनी विचारले, "हितं कुणी बोअर पाडलं न्हाई का?"

सगळे हसले. काका हसले नाहीत.

घरी आल्यावर

हिशेब सोपा आहे. साडेसहाशे मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला तर सव्वीस लाख लिटर पाणी होते. पैकी मुरते किती आणि ओढ्याने जाते किती, ते बांधबंदिस्ती ठरवते. जालना तालुक्यातल्या कडवंचीने १९९० च्या दशकापासून माथा ते पायथा पाणलोटाची कामे केली आणि द्राक्षे पिकवली. तिकडे आंबोलीएवढा पाऊस पडत नाही. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा, ते सांगतील.

काकांच्या गावात दौऱ्यानंतर पारावर बैठक झाली. वरच्या अंगाला नवे बोअर पाडायचे नाही, पाणी पाहून बागेची झाडे धरायची आणि नाल्याचे बांध उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून दुरुस्त करायचे, एवढे तीन मुद्दे निघाले. पुष्कळांनी ऐकले, काहींनी ऐकले नाही, आणि एकाने पुढच्याच महिन्यात गाडी बोलावली. पण यंदा काकांनी दीडशे झाडे लावली आहेत, तीनशे नव्हे. पाण्याला झेपतील तेवढीच.

तुम्हीही जा. चाळीस जणांचा गट करा, तालुका कृषी कार्यालयात अभ्यास दौऱ्याची चौकशी करा, नाही जमले तर वर्गणीने गाडी ठरवा. दुभत्या जनावरांची धार काढायला शेजाऱ्याला सांगून ठेवा, पुढच्या खेपेला त्याची जनावरे तुम्ही सांभाळा. भाकरी-ठेचा बरोबर घ्या, गाडी लागणाऱ्यांसाठी औषध घ्या. आणि घरच्या बाईला मागे ठेवू नका. पाण्याची खेप तिच्या डोक्यावर असते, तेव्हा पाण्याचा नेमका प्रश्नही तिलाच सुचतो. गाव करी ते राव काय करी, असे आपले वाडवडील म्हणत आले. दुसऱ्यांची गावे पाहिली की आपल्या गावाने काय करायचे ते कळते.