सशाच्या पिल्लांचे दूध तोडताना

मांसासाठी ससे पाळणाऱ्या शेतकऱ्यांची एक तक्रार वारंवार कानी येते. वीण चांगली होते, सात-आठ पिल्ले आईजवळ झपाट्याने वाढतात, महिनाभर एकही दगावत नाही. परंतु आईपासून वेगळी केल्यानंतर आठ-दहा दिवसांतच हगवण लागून त्यांतील कित्येक मरतात. अशा वेळी दोष हवेला किंवा जातीला दिला जातो.

गेल्या मार्गशीर्षात प्रस्तुत लेखक अशाच एका पालकाकडे गेला होता. त्याने तीन विणींतील एकवीस पिल्ले अठ्ठाविसाव्या दिवशी एकाच वेळी उचलून, घराच्या दुसऱ्या टोकास नव्या पिंजऱ्यात एकत्र ठेवली होती. दूध तुटल्याने ती वाळू नयेत म्हणून मायेने मक्याचा भरडा भरपूर घातला होता. वर दव पडलेला ओला लसूणघास. पंधरवड्याने बारा पिल्ले उरली. पालक कष्टाळू होता, पिंजरे स्वच्छ होते. चूक एवढीच झाली की आई, जागा, सोबती आणि खाणे हे चारही बदल एकाच दिवशी पिल्लांवर आले.

हे बदल त्यांना का सोसत नाहीत, हे समजून घेतले पाहिजे. मोठ्या सशाच्या जठरातील आम्ल अतिशय तीव्र असते व चाऱ्याबरोबर आलेले बहुतेक जंतू त्यात नष्ट होतात. दूधपित्या पिल्लाच्या जठरात आम्ल सौम्य असते. तेथे आईच्या दुधातील स्निग्धांशापासून होणारी काही द्रव्ये जंतूंना आवर घालतात. दूध थांबताच हे संरक्षण जाते आणि आम्ल मात्र अद्याप पुरेसे तीव्र झालेले नसते. सशाचे आंधळे आतडे फार मोठे असून त्यातील उपकारक जंतू चारा आंबवून पचवितात. हे जंतू याच सुमारास तेथे नुकते स्थिरावत असतात. अशा वेळी मक्यासारखे पिठूळ धान्य फार झाले, तर न पचलेले पीठ तेथे पोहोचते, घातक जंतू माजतात व पोट फुगते. तंतुमय चारा आतड्याची हालचाल चालू ठेवतो; म्हणून या वयात दाण्यापेक्षा वाळलेल्या गवताची किंमत अधिक आहे.

तयारी तिसऱ्या आठवड्यापासूनच करावी. मादीचे दूध याच सुमारास सर्वाधिक असते व पुढे उतरू लागते. पिल्लेही पेटीबाहेर येऊन आईच्या खाण्यात तोंड घालू लागतात. (मादी दिवसातून बहुधा एकदाच, तीन-चार मिनिटे पाजते. नवखे पालक ती पिल्लांना टाकते आहे असे समजून घाबरतात; तसे काही नसते.) पुढे जो खुराक द्यावयाचा आहे, तोच आतापासून पिल्लांच्या तोंडाला येईल अशा उंचीवर ठेवावा. शेजारी वाळलेले गवत व स्वच्छ पाणी अहोरात्र असावे.

मोठ्या व्यापारी केंद्रांत अठ्ठाविसाव्या दिवशी दूध तोडतात. परंतु आपल्याकडील साध्या व्यवस्थेत पस्तिसावा दिवस बरा, असे माझे मत आहे. वीण असमान व अशक्त असल्यास बेचाळीस दिवसांपर्यंत थांबावे. त्या दिवशी पिल्ले हलवू नयेत, मादीला हलवावे. पिल्ले आपल्याच पिंजऱ्यात, आपल्याच भावंडांत, त्याच खुराकावर राहू द्यावीत. पुढील दोन आठवडे खुराकात बदल करू नये व दोन विणी एकत्र करू नयेत. प्रारंभी प्रत्येक पिल्लास रोज ४० ते ५० ग्रॅम खुराक पुरे. तो हळूहळू वाढवावा. हिरवा चारा सुकवून व थोडाच द्यावा. मादीचा खुराकही दोन-तीन दिवस कमी करावा, म्हणजे दूध आटेल. सड गरम वा कठीण लागल्यास पशुवैद्यकास दाखवावे.

रोज सकाळी लेंड्या पाहाव्यात. त्या बारीक झाल्या, शेंबडासारखा चिकट पदार्थ पडू लागला, किंवा पिल्लू पाठ कमानीसारखी करून, दात खात कोपऱ्यात बसले, तर त्यास लगेच वेगळे करावे. खुराक बंद करून फक्त वाळलेले गवत व पाणी ठेवावे आणि लेंड्यांचा नमुना तपासणीस पाठवावा. कॉक्सिडिया नावाचे परोपजीवीही याच वयात उठाव करतात. त्यांची अंडी साध्या जंतुनाशकाने मरत नाहीत. उकळते पाणी किंवा जाळी आगीने भाजणे हाच उपाय. म्हणून पिंजऱ्याचा तळ जाळीचा असावा आणि चारा जमिनीवर टाकू नये.

घरातील माणसांच्या औषधांतून उरलेली ॲम्पिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिनची गोळी सशास कधीही चारू नये. आतड्यातील उपकारक जंतू तिने मरतात आणि हगवण थांबण्याऐवजी ससाच दगावतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट पालकांना आवर्जून सांगावी, कारण गोळी देणारा पालक ती भल्यासाठीच देत असतो.

वर उल्लेखिलेल्या पालकाने पुढील विणीच्या वेळी केवळ माद्या हलविल्या आणि मक्याचा डबा बंद ठेवला. पंधराव्या दिवशी वजने घेण्यास मी गेलो, तेव्हा सतरापैकी सोळा पिल्ले गवत ओढीत होती. त्याची तिसरी वीण वैशाखात येणार आहे. त्या वेळी उन्हाची लाट असल्यास दूध तोडणे चार-सहा दिवस पुढे ढकलण्यास व पिंजऱ्याभोवती ओले गोणपाट टांगण्यास त्यास सांगितले आहे.