वस्तीतला रस्ता कुणाच्या पैशाने होतो?



शिरूर तालुक्यातील पाबळ हे गाव कुणी मस्तानीच्या समाधीमुळे ओळखतो, तर कुणी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमामुळे. गाव मोठे आहे, पण तेथे नगरपालिका नाही, कारभार ग्रामपंचायतीचा. अशा गावात रस्ता, गटार आणि दिव्याचा खांब यांसाठी पैसा कोठून येतो, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे असे आम्हांस वाटते. 'रस्ता साहेबांनी दिला' असे आपण सहज म्हणून जातो. साहेब खिशातून काही देत नाहीत. तो पैसा आपलाच असतो.

पहिली थैली गावाची स्वतःची. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार घरपट्टी, दिवाबत्ती कर, पाणीपट्टी वसूल होते. आपल्या घराची आकारणी किती, हे नमुना ८ च्या नोंदवहीत लिहिलेले असते. या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करणे ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. म्हणजे उत्पन्न दहा लाख असेल, तर दीड लाख आपल्या कामी लागले पाहिजेत.

दुसरी थैली केंद्रीय वित्त आयोगाची. पंधराव्या आयोगाच्या काळात, २०२१-२२ ते २०२५-२६, या निधीचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी राखलेला होता. उरलेल्या ४० टक्क्यांतून गावाला आपल्या गरजेप्रमाणे रस्त्यासारखी कामे घेता येत होती. मात्र ते काम गावाच्या विकास आराखड्यात असावे लागते. आराखड्यात नाही त्याला पैसा नाही.

तिसरी थैली खास आपल्या वस्त्यांची. जिला आपण दलित वस्ती सुधार योजना म्हणत आलो, तिचे नाव बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तीत अनुसूचित जातींबरोबर नवबौद्धांचाही स्पष्ट उल्लेख आहे. अंतर्गत रस्ते, गटारे, पाणी, वीज, समाजमंदिर ही कामे तीत बसतात, आणि अनुदान वस्तीच्या लोकसंख्येवर ठरते. प्रस्ताव ग्रामपंचायतीकडून पंचायत समितीमार्गे जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे जातो. लोकसंख्या कमी लिहिली गेली की अनुदानही कमी होते, हे ध्यानात ठेवा. याशिवाय खासदारांच्या स्थानिक विकास निधीतील १५ टक्के रक्कम अनुसूचित जातींच्या वस्तीसाठी असते.

आम्ही कारकुनी करतो, त्यामुळे कागद वाचायची सवय आहे. काही वर्षांपूर्वी एका गावी (नाव सांगत नाही) पाहुण्यांकडे गेलो होतो. सिमेंटचा रस्ता चावडीपासून आला आणि वस्तीच्या तोंडाशी थांबला. पुढे चिखल. पोरे चपला हातात घेऊन शाळेत जात होती. माहितीच्या अधिकारात कागद काढले, तर वस्तीचा रस्ता पूर्ण झाल्याची नोंद! आम्ही चार जणांनी टेप धरून लांबी मोजली आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत घेऊन ग्रामसभेत उभे राहिलो. भांडण केले नाही. आकडे तेवढे मोठ्याने वाचले. सभेत कुणाला उत्तर देता आले नाही. पुढच्या पावसाळ्याआधी राहिलेला तुकडा झाला.

या गोष्टीत एक उणी बाजूही होती. वस्तीतल्या निम्म्या घरांची घरपट्टी थकलेली होती, आणि सभेत तेच आमच्या तोंडावर फेकले गेले. थकबाकी आहे म्हणून वस्तीचा निधी अडवता येत नाही हे खरे, पण पावती खिशात असली की आवाज खणखणीत निघतो.

बाबासाहेबांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. केंद्र आणि प्रांत यांच्यात पैसा व जबाबदारी कशी वाटली गेली, याचा हिशेब त्यांनी त्यात मांडला. त्यांच्या लेकरांनी निदान आपल्या गल्लीचा हिशेब तरी मांडू नये काय?

म्हणून पाबळच्या आणि आसपासच्या बांधवांना आमची विनंती आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. त्याआधी महिलांची वेगळी सभा असते. तेथे आपल्या मायबहिणींनी गटाराचा आणि दिव्याचा विषय लेखी द्यावा, पोच घ्यावी. सभेत तीन प्रश्न विचारावेत : पंधरा टक्क्यांचे किती झाले? आमच्या वस्तीचे काम आराखड्यात कोणत्या क्रमांकावर आहे? झालेल्या कामाचे मोजमाप कुठे आहे? उत्तर कार्यवृत्तात लिहून घ्यावे. शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलाला ते वाचायला लावावे. हिशेब विचारण्याची सवय त्यालाही आतापासूनच लागली पाहिजे.

जयभीम!